पाचवीची सहल जुन्या पद्धतीच्या शेतावर: इंदूरजवळचा एक अनुभव

इंदूरहून सांवेरच्या बाजूला तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका शेतावर आम्ही यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाचवीच्या ७२ मुलांना घेऊन गेलो होतो. आपल्या आजी-पणजीच्या काळी माळव्यातल्या घराघरांत जी कामे रोज होत असत, ती मुलांनी स्वतःच्या हातांनी करून पाहावीत, अशी तिथली योजना आहे. जेवणासह माणशी ४५० रुपये घेतले जातात.

सर्वांत आधी जात्याबद्दल लिहायला हवे, कारण केवळ त्यासाठीसुद्धा मी या शेताची शिफारस करीन. दळण शिकवणाऱ्या मावशींनी आधी पाव किलो गहू मुलांकडून निवडून घेतले, मग दोघादोघांना समोरासमोर बसवून खुंटा धरायला लावला आणि एका वेळी मूठभरच वैरायचे, नाहीतर भरड पडते, हे बोलून नव्हे तर भरड पाडून दाखवले. पाळीभोवती साचलेल्या पिठाला हात लावून एका मुलीने विचारले, ‘गिरणीतून आणलेले पीठ गरम असते, मग हे थंड कसे?’ गिरणीचे दगड वेगाने फिरतात, त्या घर्षणाने पीठ तापते आणि हाताने फिरवलेले जाते तितके तापत नाही, हा विज्ञानाचा धडा तिथे जमिनीवर बसून पाच मिनिटांत झाला. वर्गात त्याला आम्हाला एक तास लागला असता, आणि तरीही तो असा समजला नसता.

ताकाची रवी आणि हरभऱ्याचा हुळा मुलांना आवडला. आधी पाण्यात उकडलेले बाफले गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजताना पाहणे आणि तेच वरणासोबत खाणे, हे जेवणही उत्तम होते.

अडचण वेळापत्रकाची आहे. साडेतीन तासांत सात कामे बसवलेली असल्यामुळे प्रत्येक गटाला जेमतेम अर्धा तास मिळतो, त्यात चालण्याचा आणि रांगेचा वेळ गेला की काही मुलांच्या हाती मोटेचा दोर आलाच नाही. शिक्षकांनी आरक्षण करतानाच कामे तीन किंवा चार ठेवायला सांगावे आणि एका गटात बारापेक्षा जास्त मुले नसावीत, हे लिहून घ्यावे.

खताच्या खड्ड्यापाशी मात्र मला मनापासून वाईट वाटले. सेंद्रिय खताची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच गावातल्या संस्थेत विकसित केली. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देत, तीनदा उलथापालथ करून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची ही रीत इंदूरच्या मुलांना त्यांच्याच गावाची म्हणून सांगता आली असती. घरी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय असलेल्या या मुलांना तो धागा लगेच सापडला असता. तिथे फक्त एका फलकाकडे बोट दाखवण्यात आले. थर रचायला एकाही मुलाला दिला नाही.

आरोग्याच्या बाजूने एक गोष्ट गंभीर आहे. गोठ्यात वासरांना हात लावून झाल्यावर जवळपास साबण नव्हता, नळही एकच होता, आणि लगेच पुढे हुळा खायला दिला. जनावरांना हात लावल्यावर साबण आणि वाहते पाणी यांनीच हात धुवायला हवेत; शेणमातीने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसा काम करत नाही. आम्ही मुलांना थांबवून पाळीपाळीने हात धुवायला लावले, त्यात पाऊण तास गेला. मुलींसाठी एकच स्वच्छतागृह होते, हेही आधी जाऊन पाहिले असते तर कळले असते.

मालकांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये, गव्हाच्या पेरणीच्या वेळी, दळण, पेरणी आणि खताचा खड्डा एवढीच तीन कामे ठेवायची असे ठरले आहे. गोठ्यापाशी नळ आणि साबणाची सोय करण्याचे त्यांनी कबूल केले असून, ऑक्टोबरमध्ये ती स्वतः पाहून आल्यावरच आम्ही आगाऊ रक्कम भरणार आहोत.