चतुर्दशीच्या चांदण्यातली आकाशगंगा

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात माझी सत्तावीस वर्षे गेली. व्हाउचरला पावती जोडलेली नसेल तर ती रक्कम मी आक्षेपाखाली टाकतो. संस्थेचा सचिव कितीही ओळखीचा असला तरी त्याच्या तोंडी खुलाशावर पान उलटत नाही. असा मी निसर्गछायाचित्रणाच्या एका कार्यशाळेपायी २०२४ च्या पावसाळ्यात ५३,००० रुपयांना फसलो, आणि तेही एकाही पावतीशिवाय. घरच्यांनी आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांनी त्यावर जे बोलायचे ते बोलून घेतले आहे. कार्यशाळा घेणाऱ्या गृहस्थाचे आणि त्याच्या संस्थेचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मात्र फसवणूक कशी घडली हे सविस्तर लिहितो, कारण तिच्यातल्या बहुतेक खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि त्यांतल्या काही ओळखायला छायाचित्रणाचे ज्ञानही लागत नव्हते.

त्या माणसाला काही येत नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल, आणि फसवणुकीचे मूळही तिथेच आहे. जूनमध्ये पुण्यात एका सभागृहात त्याचा दोन दिवसांचा वर्ग झाला, शुल्क ३,५०० रुपये. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, कसा वाचावा, आकाश आणि जमीन यांच्यातल्या उजेडाचा फरक कसा सांभाळावा, चित्राच्या पुढच्या भागात एखादा दगड किंवा झुडूप का हवे, हे त्याने नीट समजावले. जुलैच्या मध्यावर एका रविवारी आम्हा चौदा जणांना तो ताम्हिणी घाटात घेऊन गेला. ओल्या कातळावरची चकाकी पोलरायझर (लेन्सवर बसवायचा चकाकी कापणारा फिल्टर) फिरवताच कशी निघून जाते आणि पानांचा हिरवा रंग कसा दाट होतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. धबधब्यासमोर सगळे रस्त्याच्या कठड्याला चिकटून उभे असताना त्याने मला हाताला धरून वीस पावले खाली नेले, डोक्यावर छत्री धरली आणि अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर द्यायला सांगितले. ते छायाचित्र आजही माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. ज्याने असे छत्री धरून शिकवले त्याच्याकडे पावती काय मागायची, असे मला पुढचे दोन महिने वाटत राहिले.

परतीच्या वाटेवर मुळशीच्या रस्त्यावरील एका हॉटेलात मिसळ खाताना त्याने मोबाइलवर हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या कार्यशाळेची जाहिरात दाखवली. १६ ते २२ सप्टेंबर, मनालीपासून मनालीपर्यंत, शुल्क ४६,५०० रुपये, एकूण आठ जागा आणि त्यांतल्या दोनच शिल्लक. मुख्य आकर्षण होते चंद्रताल सरोवराच्या काठावरील तंबूत मुक्काम आणि आकाशगंगेचे छायाचित्रण. जाहिरातीवरचे चित्र असे होते की मिसळ थंड झाली: काळेशार सरोवर, त्यात उतरलेले तारे, वर उभी आकाशगंगा, आणि तिच्या डाव्या अंगाला धुरकट कापसाचे दोन पुंजके. ते पुंजके म्हणजे ढग असावेत असे मी धरून चाललो. या पुंजक्यांकडे मला पुन्हा यायचे आहे.

त्याच आठवड्यात मी २५,००० रुपये यूपीआयने भरले. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नाव न येता कोणा महिलेचे नाव आले. विचारल्यावर उत्तर मिळाले, “काका, ते मिसेसचं खातं आहे, आमच्या करंट अकाउंटची आजची लिमिट संपलीय.” ऑगस्टमध्ये २१,५०० रुपये त्याच खात्यात गेले, त्या दिवशीही लिमिट संपलेलीच होती. पावती “ऑफिसमधून येईल” ती अद्याप यायची आहे. ९ सप्टेंबरला, विमानाची तिकिटे हाती असताना आणि मागे फिरणे महाग झालेले असताना, “इनर लाइन परमिट आणि कॅम्पच्या वाढीव दरासाठी” आणखी ६,५०० रुपये मागण्यात आले आणि मी तेही दिले. भारतीय नागरिकाला स्पितीत जाण्यासाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जाण्याचा परवाना, लागतच नाही. त्या भागातल्या काही टप्प्यांसाठी ते परदेशी पर्यटकांना घ्यावे लागते. ही माहिती पाच मिनिटांत मिळते. मी ती परत आल्यावर मिळवली.

कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले असते तरी पुरे होते. १७ सप्टेंबरची रात्र चंद्रतालला होती, आणि १७ सप्टेंबर २०२४ म्हणजे अनंत चतुर्दशी. घरच्या गणपतीच्या विसर्जनाला मी नसणार म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला होता, म्हणजे तिथी मला ठाऊक नव्हती असेही नाही. शुद्ध चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा येते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. आकाशगंगेचा फिकट पट्टा टिपायचा तर अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडतात, किंवा चंद्र मावळल्यानंतरचे तास तरी हाती ठेवतात. चतुर्दशीचा चंद्र तर सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि रात्रभर डोक्यावर राहतो. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेने हे मला फुकटात सांगितले असते, पण ‘वर्कशॉप’ या शब्दाचा आणि त्या दिनदर्शिकेचा काही संबंध असू शकतो असे मनातच आले नाही.

मनालीला आम्ही चौघेच जमलो: नाशिकच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, पुण्याचे एक तरुण जोडपे आणि मी. आठांपैकी उरलेले चौघे कधी नव्हतेच. आणि ‘सर’ही नव्हते. ते दुसऱ्या बॅचबरोबर सिमल्याच्या बाजूने येत असून स्पितीतल्या काझा या मुख्य गावी भेटतील, असा निरोप चालकाकडे होता. १७ तारखेला पहाटे निघून आम्ही अटल बोगद्यातून पलीकडे उतरलो आणि ग्राम्फू, बातल करत संध्याकाळी चंद्रतालजवळच्या तंबूंपाशी पोहोचलो. मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,३०० मीटर. जाणकार मंडळी सिमला, कल्पा, ताबो अशी हळूहळू चढत जाणारी वाट घेतात आणि चंद्रताल प्रवासाच्या शेवटी ठेवतात, ते याच कारणाने. एका दिवसात २,३०० मीटर चढवून तिथेच झोपायला लावणारा माणूस एकतर त्या वाटेने कधी गेलेला नसतो, किंवा त्याला तुमच्या जिवाची पर्वा नसते. मुख्याध्यापिका बाईंचे डोके संध्याकाळपासून ठणकत होते. रात्री त्यांना तीनदा उलटी झाली. ऑक्सिजनचा सिलिंडर आमच्या गाडीत नव्हता, तो शेजारच्या कॅम्पवाल्याने दिला.

काठावरचा तंबूही खोटाच होता. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतील, संरक्षित पाणथळ आहे, सरोवराच्या काठी तंबू ठोकू देत नाहीत आणि सगळे कॅम्प काही किलोमीटर अलीकडे आहेत. कॅम्पच्या मालकाकडे आमच्या नावाने एकाच तंबूचे आगाऊ पैसे आले होते. दुसऱ्या तंबूचे पैसे आम्ही तिथल्या तिथे वर्गणी काढून भरले, आणि बाईंपाशी त्या तरुण मुलीला ठेवून तिचा नवरा आणि मी सरोवराकडे गेलो.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. वर्गात लिहून घेतलेले आकडे वहीत होते: २४ मिलिमीटरची लेन्स, तिचे छिद्र एफ/२.८, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ३२००, २० सेकंद. बोटे गारठलेली, ट्रायपॉडचा पाय दगडावर हलत होता. शटर मिटले आणि पडद्यावर पांढरीफटक दुपार उमटली. आकाश पांढरे, डोंगर पांढरे, पाणी पांढरे, हिस्टोग्राम सगळा उजव्या भिंतीला, म्हणजे पांढऱ्या टोकाला, टेकलेला. आयएसओ २०० पर्यंत खाली आणल्यावर कुठे डोंगरांना आकार आला. तारे मोजता येतील इतके होते आणि आकाशगंगा नव्हतीच, कारण मागे वळून पाहिले तर चौदाव्या तिथीचा चंद्र कड्यावर येऊन आमच्या सावल्या पाण्यापर्यंत लांबवत होता. खरे सांगायचे तर ते दृश्य फार सुंदर होते, आणि चांदण्यातले निसर्गचित्र कसे घ्यावे हे सांगणारा कोणी शेजारी असता तर मी आकाशगंगा विसरूनही गेलो असतो.

काझाला उतरल्यावर बाईंना बरे वाटू लागले. तिथे आमच्या नावाने एकही खोली आरक्षित नव्हती. सरांचा फोन लागत नव्हता, आणि स्पितीत फोन न लागणे इतके स्वाभाविक आहे की पहिले दोन दिवस आम्हीच एकमेकांची समजूत घालत होतो. तिसऱ्या दिवशी चालकाने सांगितले की त्याला फक्त डिझेलचे पैसे मिळाले आहेत आणि ठरलेले भाडे न मिळाल्यास तो परत जाईल. त्याचा दोष नव्हता. तोही आमच्यासारखाच बुडालेला होता. आम्ही त्याचे भाडे आपसांत वाटून घेतले. पुढचे तीन दिवस जे काही शिकलो ते या लाहौली माणसाकडून. बारा वर्षे छायाचित्रकारांना फिरवून त्याला उजेडाचे वेळापत्रक पाठ झाले होते. की गोम्पा या बौद्ध मठाकडे जाताना तो वाटेतच थांबला आणि म्हणाला की सगळे वर जाऊन काढतात, पण उतरत्या उन्हात तो इथून चांगला दिसतो. आणि तसेच होते. लांगझा गावी त्याने आम्हाला पहाटे नेले, शिखरावर पहिला तांबूस प्रकाश पडण्याआधी पुरती वीस मिनिटे. त्याला एफ-स्टॉप म्हणजे काय ते माहीत नव्हते.

परतल्यावर पैशांचा तगादा सुरू केला. सरांनी फोन उचलला, दिलगिरीही व्यक्त केली. पितृपक्षात पैशांचे व्यवहार करत नाही, घटस्थापना झाली की देतो, असे ते म्हणाले. घटस्थापनेनंतर दसऱ्याचा मुहूर्त आला, मग दिवाळीचा, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केले. ज्या समूहात “सरांमुळे आयुष्य बदलले” असे संदेश येत, तोही बंद झाला. त्यांतले दोन क्रमांक त्यांच्या मेहुण्याचे आणि भाच्याचे होते, हे पुण्याच्या जोडप्याने शोधून काढले.

मी सर्वांत मोठी चूक केली ती इथे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी नोव्हेंबरात फोन केला. ऑनलाइन गेलेला पैसा पुढच्या खात्यांत पसरण्याआधी, म्हणजे काही तासांत कळवले तर तो गोठवता येण्याची आशा असते. मी चार महिन्यांनी कळवत होतो. पोलीस ठाण्यात आधी “ही दिवाणी बाब आहे, सहल तर झाली ना तुमची?” असे ऐकावे लागले. त्यावर मी आपल्या पेशाला साजेसे एक काम केले: बँकेचा उतारा, जाहिरात, सर्व संदेशांच्या प्रती, कॅम्पमालकाचे आणि चालकाचे लेखी म्हणणे, सगळे पृष्ठ क्रमांक घालून जोडले आणि अर्जात भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीसंबंधीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला. तो अर्ज त्यांनी पोच देऊन घेतला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे न घालता मी ती साताऱ्यात दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. इतर तिघांनीही आपापल्या तक्रारी द्याव्यात असे मी सुचवले. बाईंनी दिली, त्या जोडप्याने कंटाळून नाद सोडला.

आता ते दोन पुंजके. आमच्या गावातल्या आकाशदर्शन मंडळाच्या एका सदस्याला जानेवारीत मी ती जाहिरात सहज दाखवली. तो एक क्षण पाहून हसला आणि म्हणाला, “अहो, हे मॅजेलनचे मेघ आहेत.” या दोन छोट्या दीर्घिका दक्षिण ध्रुवाच्या बाजूला इतक्या खाली आहेत की साधारण ३२ अंश उत्तर अक्षांशावरच्या स्पितीतून त्या कधीच क्षितिजावर येत नाहीत. ज्या आकाशाखाली आम्हाला नेण्याचे पैसे घेतले होते ते आकाश दक्षिण गोलार्धातले होते. घरी येऊन ते चित्र मी गूगल लेन्समध्ये टाकले तर एका परदेशी संकेतस्थळावर विक्रीला ठेवलेले निघाले. जुलैत मी सरांकडे त्याची रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली संस्कार न केलेली मूळ फाइल, मागितली होती, तेव्हा “रॉ आम्ही कुणालाच देत नाही” असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर तसे रास्तही आहे. प्रामाणिक छायाचित्रकारही ती देत नाहीत. मागायला हवी होती ती त्या चित्राच्या आगेमागची चित्रे. जो खरोखर सरोवरापाशी रात्रभर बसला आहे त्याच्याकडे त्याच जागेची पंचवीस फसलेली चित्रे असतात, हललेली, धुके आलेली, कोणाच्या तरी टॉर्चने बिघडलेली, आणि ती दाखवायला त्याला लाज वाटत नाही. आता मी कोणत्याही कार्यशाळेत नाव घालण्यापूर्वी हीच चित्रे पाहायला मागतो, आणि पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच भरतो.

आयोगाची पुढची तारीख लागली आहे. दरम्यान परवा एका परिचिताने लडाखमधील हानले येथील आकाशगंगा कार्यशाळेची जाहिरात मला पाठवली. संस्थेचे नाव नवे आहे, शुल्क वाढलेले आहे, चित्र मात्र तेच, फक्त डावीकडचे ते दोन पुंजके या वेळी पुसून टाकले आहेत. दिनदर्शिका काढून तारखा पाहिल्या. मधल्या रात्री पौर्णिमा आहे.