वाड्याचं दार ३३ मिलिमीटरचं होतं

३०,१४० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" असं हळूच विचारणाऱ्यांची सोय होईल. वीजबिल, लॉटरी, पार्सलमधले ड्रग्ज, डिजिटल अटक यातल्या कशालाही मी बधलो नव्हतो. असले फोन आले की मीच त्यांना दहा मिनिटं घोळवत ठेवतो. मी सापडलो ते मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे टेबलावर पळणाऱ्या छोट्या आगगाडीच्या, गावात लावायच्या नऊ इमारतींपायी, तेही नाशिकच्याच पोराकडून. निदान तो स्वतःला नाशिकचा म्हणवत होता.

या छंदात इंजिनं, डबे, रूळ पैसे टाकले की मिळतात. आपलं गाव मिळत नाही. एचओ स्केलचे, म्हणजे १:८७ चे (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचे) इमारतींचे किट बहुतेक जर्मन. लाकडी पट्ट्यांच्या भिंती आणि बर्फ घसरावा म्हणून उभी छपरं. ती भुसावळ पॅसेंजरच्या शेजारी कशी दिसतील सांगा. ब्रिटिश पुठ्ठ्याचे किट स्वस्त, पण त्यातले पुष्कळसे १:७६ चे, त्यामुळे आपल्या डब्यांपुढे दुकानं थोराड वाटतात. मला हवा होता जुन्या नाशकातला रस्ता: कौलारू वाडा, ओट्यावरची भांड्यांची दुकानं, पत्र्याची टपरी, शेवटाला छोटं स्टेशन. (खरं नाशिकरोड स्टेशन जुन्या गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे, तेव्हा वाड्याला खेटून रूळ ही थापच. पण ती माझी थाप, माझ्या टेबलावरची.)

"स्वतः का नाही केलंत?" हे आता सगळेच विचारतात. केलंय. सनबोर्ड, माउंटबोर्ड, फेव्हिकॉल आणि उदबत्तीच्या काड्या यांतून तीन घरं उभी केलीत. पण १:८७ ला वाड्याचा नऊ इंची खांब अडीच मिलिमीटरचा होतो आणि खिडकीचा गज धाग्याएवढा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते काम डोळ्यांना झेपत नाही. म्हणून करून देणारा शोधत होतो. यात हावरटपणा नव्हता, फुकटचं काही मागितलं नव्हतं.

या मुलाने फोटो पाठवले, ते खरोखर सुंदर होते. अंबडच्या एमआयडीसीत लेझर कटिंगचं युनिट आहे म्हणाला. लहानपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं म्हणाला. बोलण्यात "काका, काका". नऊ इमारतींचे ३८,५०० सांगितले आणि निम्मे आगाऊ मागितले. १९,२५० यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव भलतंच आलं. "वहिनीचं खातं आहे काका, जीएसटीचा घोळ चालू आहे." इथेच थांबा. ज्याच्याशी बोलताय त्याचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, मग वहिनी असो की आजी.

मग "लेझरच्या फाइली बाहेरून काढाव्या लागल्या" म्हणून ४,२००. लाकडी पेटीचे २,७५०. वाहतुकीच्या विम्याचे ३,३००, "माल पोचला की परत". असे हप्ते का मागतात हे तुम्हाला ठाऊकच आहे: आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचेही देतो. मलाही ठाऊक होतं.

आता तो फोटो. चार हजार दोनशे मागण्याच्या आदल्या संध्याकाळी आला: "काका, तुमचा वाडा होतोय!" हिरवी कटिंग मॅट, त्यावर वाडा, शेजारी स्टीलची पट्टी. ओसरीतून माजघरात जाणारं दार पट्टीला लागूनच होतं. मी फोटो मोठा करून मोजलं. ३३ मिलिमीटर. त्याला ८७ ने गुणा. २,८७१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ फूट. माजघराचं दार साडेनऊ फूट!

मी विचारलं नाही असं नाही. लगेच फोन लावला. तो हसून म्हणाला, "वाड्यातली दारं उंचच असतात काका, राजेशाही थाट!"

अरे, वाड्यात वाढलेला माणूस हे वाक्य बोलूच शकत नाही. बाहेरचा दिंडी दरवाजा उंच असतो, त्यातून पालखी यायची. आतली दारं बुटकी असतात. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. माझ्या कपाळावर आमच्या माजघराच्या गणेशपट्टीची खूण अजून आहे. हे वाक्य ऐकलं, आणि मीच मनात म्हटलं की पोरगा दिंडी दरवाजाबद्दल बोलत असेल. मीच त्याच्यासाठी सबब शोधली! चौतीस वर्षं नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये छपाईतला केसाएवढा दोष पकडण्यात गेली, आणि इथे पट्टी समोर असताना मी साडेनऊ फुटांचं दार गिळलं. पण माझ्या जागी कोणीही गिळलं असतं. काम चालू असल्याचा फोटो बघून मन पाघळतं, हेच तर त्यांचं भांडवल.

नंतर भाच्याने तो फोटो नेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनी जुन्या वाड्याची मापं घेऊन केलेलं मॉडेल निघालं, १:५० चं. ३३ गुणिले ५० म्हणजे पाच फूट पाच इंच. मॉडेल करणाऱ्यांनी दार बरोबर केलं होतं. आमच्या चोराला फोटोतलं मापही वाचता येत नव्हतं.

"युनिट बघायला का गेला नाहीत?" सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, माझे गुडघे असे, आणि दर वेळी तो म्हणे "आज मशीनवर मोठा जॉब आहे, गेटपास लागेल". शेवटी गेलो तेव्हा त्या प्लॉटवर व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी होती. वॉचमनने पाणी दिलं. तो मुलगा त्यांनी कधी पाहिलेलाच नाही.

आणि पार्सल आलं बरं का! ६४० रुपये घरपोच देताना घेतले. आत ३ एमएमच्या एमडीएफचे (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीचे) चार बंद डबे, ना दार ना खिडकी, आणि कौलांचे फोटो छापलेले ए-फोर कागद, तेही धुरकट. तासाभरात त्याचा नंबर बंद. बायको एवढंच म्हणाली, "डब्यांत डाळी ठेवता येतील."

हे पार्सल का पाठवलं ते मला पोलीस ठाण्यात गेल्यावर कळलं, आणि तुम्हाला सांगायचं ते मुख्यतः हेच. तिथल्या हवालदाराचा पहिला प्रश्न: "माल आला ना?" आला, पण... "मग फसवणूक कुठे झाली? क्वालिटीचा प्रश्न आहे, दिवाणी मॅटर." मग पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं: "काका, खेळण्यातल्या घरांना तीस हजार? एवढ्यात आमचं खरं बाथरूम झालं असतं." दुसरा म्हणाला, नोटा छापणाऱ्यालाच गंडवलं. हसले सगळे. माझ्या सुनेच्या वयाची कॉन्स्टेबल बाई तेवढी हसली नाही, पण तिच्या हातात काही नव्हतं. तक्रारीवर शिक्का मागितला तर "साहेब बाहेर गेलेत".

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत." ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव-पत्ता? "पोलिसांचं पत्र आणा." कुरिअरकडे पेटी कुणी बुक केली विचारलं. "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात ग्राहक आयोगात जा. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही हे खरं, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो. पत्ता कुरिअरकडे, आणि कुरिअरला हवं पोलिसांचं पत्र. देवाला प्रदक्षिणा घालताना निदान मधे देव असतो हो!

घरी येऊन वाचलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) फसवणुकीचं, दखलपात्र. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर, हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यायची. हे कागदावर लिहून नेलं तेव्हा अर्ज घेतला आणि शिक्काही मिळाला. पुढे शांतता.

आणि १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन पहिल्या दिवशीच करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर आले. मी पार्सलची वाट बघत बसलो होतो, म्हणजे त्या पेटीने त्याला वेळही मिळवून दिला आणि माझी तक्रारही बोथट केली. असली पेटी सही करून घेऊ नका. घेतलीच तर उघडताना सलग व्हिडिओ काढा.

खरा कारागीर प्रश्नांनी पिडतो: छपराचा उतार किती, आत दिवे लावणार का, मागची बाजू दिसणार की भिंतीला टेकणार. याने एकही विचारलं नाही, फक्त "होऊन जाईल काका". आधी एकच टपरी करून घ्या, पाचशे-सातशेची. तुमचं नाव एमडीएफच्या तुकड्यावर लेझरने कापून व्हिडिओ पाठवायला सांगा. ज्याच्याकडे मशीन आहे त्याला ते दोन मिनिटांचं काम आहे. बहुतेक गावांत पाटीवाले आणि ट्रॉफीवालेही लेझर कटिंग करून देतात. हे मला आता कळतंय, आधी कोणी सांगितलं नाही.

तो भामटा परत आलाय. नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो तोच: हिरवी मॅट, डावीकडे स्टीलची पट्टी, वरच्या कोपऱ्यात निळ्या कपाचा कान. भाव आता ४२,००० झालाय. तो फोटो तुम्हाला आला तर स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआयवर दिसणारं नाव जपून ठेवा आणि मला कळवा. ज्यांचे आधीच गेलेत त्यांनीही लाज बाळगू नका. पाच-सहा जणांच्या तक्रारी एकाच खात्यावर आल्या की "दिवाणी मॅटर" म्हणणं त्यांना जड जाईल. माझ्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत तयार आहे, तुमच्या अर्जाला जोडायला देतो.