स्टार्टर दुरुस्तीचं सुटं किट: कार्बन चांगले, बुश कच्चे

छोट्या पेट्रोल गाड्यांच्या स्टार्टरसाठी (इंजिन सुरू करणारी मोटर) दुरुस्तीचं बिनब्रँडचं किट गोव्यात म्हापसा, फोंडा, मडगाव भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मागितलं, तर साधारण हा माल हाती येतो: चार कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे), त्यांच्या स्प्रिंगा, दोन बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) आणि सोलेनॉइडचे (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) दोन तांब्याचे कॉन्टॅक्ट. नव्या स्टार्टरपुढे किंमत किरकोळ. तरी पिशवी फोडायच्या आधी व्होल्ट मोजणारा मीटर लावा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात आधी कुजते ती इंजिनाची अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), आणि शिव्या खातो स्टार्टर.

पूर्ण चार्ज बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. चावी फिरवताना ती ९.६ च्या खाली गेली, तर आधी बॅटरीच तपासा. मग सेल मारत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनाचं अंग यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर पट्टी सोडवून दोन्ही टोकं चकचकीत घासा. किट लागणारच नाही. पॉझिटिव्हच्या जाड वायरवर ०.५ पर्यंत चालतं.

आवाजही बरंच सांगतो. टकटकटक असा लागोपाठ आवाज म्हणजे बहुधा बॅटरी उतरलेली. बॅटरी भरलेली असून एकदाच 'टक्' होऊन सगळं गप्प झालं, तर कॉन्टॅक्ट किंवा कार्बन. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (मोटर इंजिनाला जोडणारं दातेरी चाक) गेलं. ते या किटात नसतंच, वेगळं घ्यावं लागतं.

आता माल कसा आहे ते. कार्बनला पैकीच्या पैकी नाही, पण जवळपास. जुना कार्बन निम्मा झिजला की चारही एकदम बदला. काही स्टार्टरमध्ये कार्बनची वेणी (तांब्याची गुंफलेली तार) पत्र्याला झाळलेली असते. तिथे मोबाइल दुरुस्तीचा बारका सोल्डर चालत नाही, १०० वॉटचा हवा. झाळण वेणीत वर चढू देऊ नका. वेणी कडक झाली की कार्बन होल्डरमध्ये अडकतो आणि आठवड्याभरात तेच दुखणं परत येतं. स्प्रिंगा ठीक आहेत, पण जुन्या काळ्यानिळ्या पडल्या नसतील तर त्याच ठेवाव्या.

बुश मात्र निराशा करतात. बाहेरचं माप किंचित कमी, त्यामुळे आपल्या भोकात ढिले बसतात. ढिल्या बुशमुळे आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) चुंबकाला घासतं, स्टार्टर जड फिरतो आणि करंट जास्त खातो. बुश लेथवाल्याकडून जुन्याच्या मापावर करून घेतलेले बरे. सच्छिद्र ब्राँझचे असतील तर बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

खोलताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सुटलं पाहिजे. सोलेनॉइडवरची जाड वायर कायम जिवंत असते, पाना गाडीच्या अंगाला टेकला तर बोल्ट वितळेल. कम्युटेटर (आर्मेचरचा कार्बन घासतात तो तांब्याचा भाग) ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, एमरी नको, आणि खाचांतली तांब्याची पूड टोकदार काडीने काढा. बेंडिक्स पेट्रोलमध्ये धुवायची अनेकांना भारी हौस. त्यात आतलं ग्रीस निघून जातं आणि ते घसरायला लागतं. कोरड्या फडक्याने पुसलं की पुरे. चुंबकाच्या स्टार्टरच्या डब्यावर हातोडा मारू नका, चुंबक तडकतात. बसवण्याआधी व्हाइसमध्ये आवळून जंप केबलने दोन-तीन सेकंद फिरवून पाहा. सैल ठेवलात तर पहिल्याच झटक्याला उडी मारतो.

कॉन्टॅक्टचं तांबं पुरेसं जाड आहे. पण ते सोलेनॉइडचं झाकण स्क्रूचं असेल तरच उपयोगी. कडा दाबून बंद केलेलं सोलेनॉइड उघडत नाही, ते अख्खंच बदलावं लागतं. तुमचं तसं असेल तर पूर्ण किट घेऊ नका, दुकानात नुसता कार्बनचा संच मागा.