जुन्या घरात एसी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव आणि एका पांढऱ्या नळीची कैफियत

दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी कसा असतो आणि त्यावर किती तारे असतात, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. यंत्राविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. लिहायचे आहे ते हे यंत्र जुन्या घराच्या भिंतीवर चढवताना झालेल्या खर्चाविषयी, आणि त्यातही अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या पांढऱ्या ड्रेन पाईपविषयी, ज्याने पाचव्या महिन्यात एका पहाटे तीन वाजता उशीवर थेंब पाडून मला जागे केले.

आमचे घर चुन्यात बांधलेले आहे. भिंती दीड फूट जाड आणि छत बारा फूट उंच. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून यंत्राची किंमत १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्या मानाने सांगतो. विकत घेताना फिटिंगचे ६ पडतील असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहिल्या दिवसाची थंड हवा अंगावर येईपर्यंत ७१ खर्च झाले होते, आणि त्या ६ खेरीज बाकी सगळा खर्च घराच्या वयाचा होता.

सर्वांत मोठा वाटा वायरिंगचा, ३१. वायरमनने मेन बोर्डापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची लाइन, वेगळा एमसीबी (जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा स्विच) आणि नवे अर्थिंग सांगितले, तेव्हा हा माणूस आपल्याला लुबाडतो आहे याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती. दीड टन म्हणजे साधारण ५.३ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता; त्यासाठी लागणारी वीज मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, म्हणजे पूर्ण जोरात दीड-पावणेदोन किलोवॅट. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे मी त्याला ऐकवलेही. त्याने काही न बोलता जुन्या बोर्डाचे झाकण उघडले आणि लाकडी पट्टीवरून आलेली वायर दोन बोटांत धरून किंचित वाकवली. तिच्यावरच्या रबराचा भुगा माझ्या तळहातावर पडला. त्या सर्किटला अर्थिंगची तार मुळातच नव्हती. ज्या खर्चाबद्दल मी सर्वाधिक कुरकुर केली, तोच खर्च आज मला सर्वांत रास्त वाटतो.

आतले आणि बाहेरचे युनिट जोडणाऱ्या तांब्याच्या नळीचे १३ गेले. यंत्राबरोबर मिळणारी नळी तीन मीटरची होती आणि बाहेरचे युनिट ठेवण्याजोगी मजबूत जागा आमच्याकडे साडेसात मीटरवर होती. जोडणीनंतर नळीतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. आलेला कारागीर मात्र थोडा गॅस सोडून हवा ढकलून देण्याच्या तयारीत होता. आतला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील असतो आणि नळीत राहिलेली हवा व ओल कॉम्प्रेसरला घातक ठरते, एवढे मला माहीत असल्याने मी पंप आल्याशिवाय काम पुढे जाऊ दिले नाही. या एका हट्टाचे मला आजही समाधान आहे. बाहेरचा लोखंडी स्टँड आणि परांची यांचे ५ झाले.

भिंतीला भोक पाडणे आणि नंतरचा गिलावा यांचे १४. नव्या इमारतीत जे काम दहा मिनिटांत होते, त्याला आमच्याकडे अर्धा दिवस लागला, कारण कोअर कटिंगचे यंत्र निम्म्यात पोहोचताच दगडाला लागले. कारागिराने कटर थोडा वरच्या अंगाला कलवला, दगड चुकवला आणि पलीकडे उजेड दिसला. मी शिडीखाली उभा राहून हे सर्व पाहत होतो आणि त्याच्या कौशल्याचे कौतुकही करत होतो. पुढच्या साऱ्या त्रासाचे मूळ त्या क्षणात होते, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आले नाही.

राहिली ड्रेनची नळी, २. एसी हवेतली वाफ गारठवून तिचे पाणी करतो, ते ट्रेमध्ये साठते आणि केवळ उताराने बाहेर जाते. तिथे पंप नसतो. त्यामुळे नळीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला खाली झुकलेले हवे. आमचे भोक बाहेर जाताना चढत होते. कोरड्या उन्हाळ्यात हवेत वाफच कमी, तेव्हा चार महिने काही बिघडले नाही आणि मी भेटेल त्याला यंत्राची स्तुती ऐकवत राहिलो. हवा दमट झाली तशी नळीत साचलेल्या पाण्यात बुळबुळीत थर धरला आणि ट्रे भरून आत गळू लागला. नंतर मी बादली लावून मोजले: एका दमट रात्री आठ तासांत साडेसहा लिटर. हे सारे पाणी चुन्याच्या भिंतीत मुरायला मोकळे होते.

तक्रार नोंदवल्यावर पहिला माणूस आला, त्याने जाळी धुतली आणि पाणी थांबेल असे सांगून गेला. थांबले नाही. दुसऱ्याने गॅस कमी असल्याचे निदान केले. गॅस कमी पडला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळून पाणी गळते, हे खरे आहे. पण आमच्या कॉइलवर बर्फाचा कण नव्हता आणि खोली नेहमीसारखी थंड होत होती. शिवाय गॅस बंद नळीत फिरतो, इंधनासारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती कुठे ते आधी दाखवा, असा माझा आग्रह होता. गळती कोणी दाखवली नाही, गॅसचे बिल मात्र समोर ठेवले. मी ते दिले नाही. त्यावरून तीन आठवडे फोनाफोनी चालली आणि त्या काळात भिंतीला लोणा लागून गिलाव्याचे पोपडे पलंगावर पडू लागले.

उलगडा केला तो पोपडे काढायला आलेल्या गवंड्याने. त्याने पिशवीतून पाणसळ काढली, नळीवर टेकवली आणि बुडबुडा सरळ बाहेरच्या टोकाला गेलेला मला दाखवला. बुडबुडा उंच बाजूला जातो, हे शाळकरी मुलालाही कळते. दोन प्रशिक्षित माणसे शिडीवर चढून गेली आणि दोघांच्याही पिशवीत पाणसळ नव्हती, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तरीही न्यायाने एक गोष्ट नोंदवायला हवी. नळी आतूनच मोरीकडे उताराने न्यावी, असे कारागिराने पहिल्याच दिवशी सुचवले होते. पाच मीटरच्या जास्तीच्या पाईपचे सुमारे ३ वाचावेत म्हणून मीच नकार दिला आणि ती नळीही त्याच भोकातून काढायला लावली. आता त्याने सुचवलेल्या मार्गाने नवी नळी, गिलाव्याची दुरुस्ती आणि जुन्या भोकातली रिकामी झालेली जागा बुजवणे यांचे मिळून १७ गेले. एकूण आकडा ८८ झाला.

नवी नळी घातल्यापासून एक थेंबही आत आलेला नाही, आणि आता निवांतपणे सांगता येते की जुन्या घराचा फायदाही आहे. जाड भिंती पहिले दोन-तीन दिवस फार वेळ खातात, कारण त्यांनी साठवलेली उष्णता रात्रभर बाहेर पडत राहते. एकदा त्या गार झाल्या की पहाटे एसी बंद केला तरी सकाळपर्यंत खोली सुखद राहते. दाराखालची फट आणि छताजवळचे झरोके बंद केल्यावर फरक लगेच जाणवला. पूर्वी १८ वर चालणारा एसी आता २६ वर पुरतो. या कामाला रबराची पट्टी आणि दोन फळ्या लागल्या. त्यांचा खर्च इतका किरकोळ होता की मी तो वहीत लिहिलेलाही नाही.

वहीत अजून रंगकामाचा आकडा लिहायचा आहे. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय हात लावणार नाही, असे रंगारी म्हणतो, आणि पलंगाच्या डोक्याशी जुन्या भोकाभोवतीचा डाग अजून बशीएवढा ओला आहे.