‘स्ट्रीट फायटर टू’: सारी लढाई मधल्या जागेची

कॅपकॉम या जपानी व्हिडिओ गेम कंपनीने २०१८ साली आणलेल्या ‘स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ या संचात एकूण १२ खेळ आहेत. पण हा संच घ्यावा तो ‘स्ट्रीट फायटर टू’साठी, आणि त्यातही त्याच्या ‘हायपर फायटिंग’ या आवृत्तीसाठी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९८७ सालचा मूळ ‘स्ट्रीट फायटर’ही त्यात आहे, परंतु हातून नीट वळवलेली चालसुद्धा पडद्यावर उमटेलच याची त्यात शाश्वती नसते. कुतूहलापोटी एकदा उघडून पाहावा आणि पुढे जावे.

दोघांनी समोरासमोर लढायचा ‘स्ट्रीट फायटर टू’ १९९१ मध्ये आला. आठ लढवय्ये, आठ दिशांना फिरणारी जॉयस्टिक, ठोशांची तीन आणि लाथांची तीन बटणे, आणि ९९ पासून उलटे मोजणारे घड्याळ, एवढ्या भांडवलावर त्याने टोकन टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांत गर्दी खेचली. बेळगावात अशा दुकानांत उभे राहून जे हा खेळ शिकले, त्यांनी तो बहुधा अर्धामुर्धाच पाहिला असेल, कारण सहापैकी एखादे बटण कायम रुतलेले असायचे आणि जोराची लाथ ही चैनीची गोष्ट ठरायची. सहाही बटणे शाबूत असताना तो खेळल्यावर त्याची खरी रचना लक्षात येते.

ती रचना दोन लढवय्यांच्या मधल्या मोकळ्या जागेभोवती उभी आहे. रयू हा लढवय्या पडद्याच्या एका टोकाला उभा आहे असे समजा. जॉयस्टिक खालून पुढे पाव वर्तुळात फिरवून ठोसा मारला की त्याच्या हातातून हादोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा, सुटतो. तो अडवला तरी समोरच्याची शक्ती किंचित घटते, म्हणून समोरचा उडी मारून पुढे येऊ पाहतो. आणि खाली उतरताना त्याला गाठण्यासाठी रयूकडे शोर्युकेन, म्हणजे वर झेपावणारा ठोसा, तयार असतो. म्हणजे हादोकेन नेहमी लागावा म्हणून टाकलेला नसतो, पुष्कळदा तो समोरच्याने उडी मारावी म्हणून टाकलेला असतो. शिवाय पहिला हादोकेन पडद्यावर असेपर्यंत दुसरा सोडता येत नाही. हलक्या ठोशाच्या बटणाने सोडलेला हादोकेन सावकाश जातो, मधली जागा बराच वेळ अडवतो, आणि त्याच्या आडोशाने रयूला चार पावले पुढे सरकता येते. जोराच्या बटणाने सोडलेला झपाट्याने जातो आणि दुसरा टाकायला लवकर मोकळीक देतो. एकाच चालीच्या या दोन वेगांतून किती डावपेच निघतात, हे मला माझ्या भाच्याने शिकवले. पाऊस धरून बसलेल्या आषाढातल्या एका दुपारी त्याने मला सलग तीनदा हवेतून खाली पाडले आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “मामा, तू उडी मारणार हे मला ठाऊकच होतं.”

बेळगावातल्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही, कारण खडाखडी चालू असताना, पकड बसण्याच्या आधीच, कोण कोणाला खेळवतो आहे ते त्याला दिसू लागते. द्विमितीय खेळाचा मोठेपणा इथेच आहे. बाजूला सरकायला वाव नाही, कॅमेरा फिरत नाही, दोघेही एकाच रेषेवर उभे. त्यामुळे हरणाऱ्याला आपण कुठे फसलो ते दिसते आणि मागे उभ्या असलेल्या बघ्यालाही दिसते. नंतरच्या कित्येक त्रिमितीय खेळांत मी हरलो आहे, पण का हरलो ते मला धड सांगता येणार नाही.

लढवय्यांची निवडही याच जागेच्या हिशेबाने केलेली आहे. गाइलला सॉनिक बूम हा त्याचा दुरून फेकायचा मारा सोडायचा तर आधी काही काळ जॉयस्टिक मागे धरून ठेवावी लागते, म्हणजे माघार घेणे हीच त्याची तयारी असते. झँगिफकडे दुरून फेकायला काहीच नाही, त्यामुळे त्याला प्रत्येक पाऊल कमवावे लागते. मात्र तो एकदा जवळ पोचला की त्याची एकच पकड डाव फिरवते. भारताचा म्हणून दिलेला धालसिम गळ्यात कवट्या घालतो, तोंडातून आग ओकतो आणि त्याच्या मागे हत्ती ओरडत असतात. या चित्रणावर रागवावे की हसावे हे मी अजून ठरवलेले नाही, पण हातपाय ताणून समोरच्याला लांबच रोखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

एकामागून एक फटके जोडण्याची जी ‘कॉम्बो’ पद्धत पुढे अशा सगळ्या खेळांनी उचलली, ती इथे ठरवून आणलेली नव्हती. मोटार फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करताना कॅपकॉमचे नोरिताका फुनामिझू यांना दोन फटके अडवायला सवडच न देता जोडता येतात असे दिसले, आणि सहजासहजी कोणाला जमणार नाही अशा समजुतीने ते तसेच राहू दिले गेले. योको शिमोमुरा यांचे संगीतही नीट ऐकण्यासारखे आहे, विशेषतः लढवय्याची शक्ती संपत आली की संगीताचा वेग वाढतो तेव्हा.

पहिल्या आवृत्तीत दोघांना एकच लढवय्या घेता येत नसे आणि चार बलाढ्य शत्रूही संगणकाच्याच हाती असत. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ने या दोन्ही अडचणी दूर केल्या आणि ‘हायपर फायटिंग’ने वेग वाढवला; इतका, की त्यानंतर पहिली आवृत्ती पाण्यात चालल्यासारखी वाटते. संचातल्या १२ पैकी चारच खेळ ऑनलाइन खेळता येतात, त्यांत ‘हायपर फायटिंग’ आहे. जुन्या रेखाचित्रांचे दालन चांगले आहे. खेळाचे चित्र मूळ आकारातच ठेवावे, कारण रुंद पडद्यावर ताणले की सगळेच होंडा या खेळातल्या सुमो मल्लासारखे आडवे दिसू लागतात.

संच घेणाऱ्याने दोन कंट्रोलर आधी जमवावेत आणि अंगठ्याच्या गोल स्टिकऐवजी दिशांच्या बटणांनी खेळावे, पाव वर्तुळ त्यावर अधिक खात्रीने निघते. झँगिफची पूर्ण वर्तुळाची चाल मात्र त्या बटणांवर अंगठ्याची सालटी काढते, तेव्हा त्याच्या नादी लागणाऱ्याने जॉयस्टिकचा वेगळा खर्च धरून चालावे.