८४ 'गुप्त' स्केल विकत घेतल्या, निघाली एकच

गिटार शिकणाऱ्यांसाठी लिहितोय, लांबलंय थोडं. मला तेव्हा चार-पाच कॉर्ड यायच्या, सोलो काही जमत नव्हता, आणि नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात दिसायला लागली की शिक्षक सांगत नाहीत अशा ८४ स्केल (म्हणजे ठरावीक सुरांच्या रांगा), आयुष्यभर ॲक्सेस, ७ दिवसांत पैसे परत. खाली टायमर पळतोय, ऑफर संपायला ११ मिनिटं. (दुसऱ्या दिवशीपण ११च मिनिटं होती, तिथेच ट्यूब पेटायला हवी होती.) भरले पैसे.

पहिला आठवडा नुसतं गिटार कशी धरायची, पिक कसा धरायचा आणि मोटिव्हेशन. स्केलचे धडे उघडले आठव्या दिवशी, म्हणजे परतीची मुदत संपल्यावर. तेव्हा लक्षातच नाही आलं, मी आपला खुश.

सुरुवातीला बोनस म्हणून ए मायनर पेंटाटोनिक (पाच सुरांची स्केल) दिली होती, पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांमधलं घर). जाड ई तारेवर ५ आणि ८, मग ए, डी, जी तिन्हींवर ५ आणि ७, इथपर्यंत बरोबर. पुढे बी आणि बारीक ई वर ठिपक्यांच्या चित्रात ४ आणि ७. दोन महिने रोज तसंच घासलं. जाड तारांवर मस्त वाजायचं, बारीक तारांवर गेलं की कानाला खुपायचं, मला वाटायचं आपलीच बोटं बसत नाहीयेत. मेल केला तर उत्तर काय, तुमचा कान तयार नाही, आमचा इअर ट्रेनिंगचा कोर्स घ्या. आणि मी घेणार होतो तोपण!

वाचवलं मावसभावाने. तो ए मायनर वाजवत बसला, मी वरून स्केल सुरू केली, बारीक ई च्या चौथ्या फ्रेटवर आलो आणि तो थांबलाच. "अरे हा जी शार्प कुठून काढलास?" (तो सूर या स्केलमध्ये नाहीच.) चित्र दाखवलं तर म्हणे, दोन्ही तारा ईच ना रे, मग एकीवर ए पाचव्या फ्रेटला आणि दुसरीवर चौथ्याला कसा? ट्यून करताना आपण पाचवा फ्रेट दाबून पुढची तार जुळवतो, फक्त जी वरून बी जुळवताना चौथा, तेवढं चित्र काढणाऱ्याने धरलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्या चित्रांत त्या दोन तारा एक फ्रेट मागे.

आणि ८४ म्हणजे काय, तर ७ मोड (एकाच स्केलची वेगवेगळ्या सुरांवरून सुरुवात) गुणिले १२ 'की' (म्हणजे बारा पट्ट्या). सी मेजर, डी डोरियन, ए एओलियन, सगळ्यांत सूर तेच सात, फक्त सा कुठे धरला तो बदलतो. मोडचा रंग वेगळा लागतो हे खरंय, पण तो का लागतो यावर कोर्समध्ये एक ओळ नाही, नुसते ठिपके. मेजर स्केल भावाने एका तारेवर ५ मिनिटांत दाखवली, २-२-१-२-२-२-१ असे फ्रेट मोजायचे. बी तारेवर पहिल्या फ्रेटपासून १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३, झाली सी मेजर. फुकट.

पैसे मागितले तर मुदत संपली म्हणाले, दुसऱ्यांदा मागितल्यावर लॉगिनच बंद केलं. आयुष्यभर म्हणजे कोणाच्या, ते विचारायचं राहिलं.

कोणी असा कोर्स विकत असेल तर आधी एक सॅम्पल चित्र मागा आणि नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये दोन्ही ई तारांवरचे ठिपके एकाच फ्रेटवर पडतायत का ते बघा, अर्धा मिनिट लागतो. माझं बोट अजून सवयीने चौथ्यावरच जातंय.