रात्री जागायचं की पहाटे उठायचं?

यावलकडे दिलेल्या माझ्या बहिणीची दोन्ही पोरं यंदा बोर्डाला आहेत. भाचा बारावीला, जळगावला खोली करून राहतो आणि अभ्यासिकेत रात्री दीडपर्यंत बसतो. भाची दहावीला, घरीच असते, चारचा गजर लावते. "मामा, कोणाचं बरोबर?" असं दोघांनीही विचारलं. खान्देशात घरोघरी सध्या हाच प्रश्न असेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी रात्रीची बाजू. दहानंतर फोन थांबतात, पाव्हणेरावळे गेलेले असतात, शांतता मिळते. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला साडेनऊला झोप येत नाही, हा त्याचा आळस नव्हे. इथवर भाच्याचं बरोबर आहे. पण त्याचा क्लास सकाळी सातला. झोपायला दोन वाजतात, साडेसहाला उठतो, म्हणजे झोप साडेचार तास. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. त्याची फिजिक्सची वही मी बघितली. साडेबारापर्यंतचं अक्षर सरळ. पुढे ओळी खाली उतरत गेलेल्या, आणि एकच सूत्र दोनदा लिहिलेलं, दुसऱ्यांदा चिन्ह चुकवून. जागं राहायला तो अकराला चहा घेतो. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्म्याच्या आसपास अंगात असतं, त्यामुळे नंतर लागते ती झोपही धड लागत नाही.

पहाटेचा मोठा फायदा आपल्याकडच्या हवेचा. मार्चमध्ये दुपारी पत्र्याच्या घरात पुस्तक उघडवत नाही. गारवा असतो तो पहाटेच. दुसरं म्हणजे सकाळच्या सत्रातला पेपर अकराला असतो. लवकर उठायची सवय असलेलं पोर तोवर पूर्ण जागं झालेलं असतं. पण भाचीच्या घरी जेवायलाच नऊ वाजतात. आठवडाभर रात्रीची लाईट असली की दाजी केळीला पाणी द्यायला निघतात आणि सगळं घर जागं होतं. ती झोपते अकराला, उठते चारला. झोप पाचच तास. शिवाय गोधडी पांघरून पलंगावर वाचत बसते, पहिला अर्धा तास डुलक्यांतच जातो. पहाटे उठणाऱ्याने खाली बसावं, हातात पेन धरावं, गणितं सोडवावीत.

म्हणजे वेळा उलट असल्या तरी दोघांचीही झोप अपुरीच, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे आहे. दिवसा वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात येते, स्वप्नांची झोप पहाटेकडे; पहाट तोडली तर ही दुसरी झोप कमी पडते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मनगटाला पट्टे बांधून सत्रभर झोप मोजली होती. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आदल्या एकाच रात्रीच्या झोपेचा गुणांशी संबंध दिसला नाही. आधीच्या आठवड्याच्या आणि महिन्याच्या झोपेचा मात्र दिसला. पेपरच्या आदल्या दिवशी "आज लवकर झोप" असं सांगून महिन्याची कसर भरून निघत नाही, ती यामुळेच.

अभ्यासाच्या पद्धतीचं थोडक्यात सांगतो. भाची धडा चारदा वाचते, भाचा वही मिटून आठवेल ते लिहून काढतो. इथे भाचाच पुढे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी या दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले, आठवडाभराने विचारलं तर आठवून लिहिणारे. बोर्डाचा पेपर काही वाचल्यावर पाच मिनिटांनी येत नाही.

निवड करायचीच तर भाचीसाठी मी पहाट निवडतो, पण साडेपाचची, आणि साडेनऊला अंथरुणावर पडणार असेल तरच. भाच्याने रात्रीच बसावं, मात्र साडेअकराला दिवा बंद आणि उठायचं साडेसातला. परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून दोन्ही वेळा दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणाव्यात. क्लासची सातची बॅच आड येते, ती दुपारची करून घ्यायला हवी.

ताईने परवापासून जेवण आठला आणलंय. बॅचचं बोलायला मी शनिवारी जळगावला जातोय.